हँगरमधला वेतनकरार: मागणीपत्रापासून सहीपर्यंत

विमानावर काम करणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली जाते. काम केलं, पण टास्क कार्डावर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) लिहून सही केली नाही, तर ते काम झालंच नाही. कुठला पार्ट काढला, मॅन्युअलच्या कुठल्या आवृत्तीप्रमाणे बसवला, टॉर्क किती दिला (बोल्ट किती जोराने आवळला), सगळं कागदावर लागतं. पण पगाराच्या कराराची वेळ आली की हीच माणसं "साहेबांनी शब्द दिलाय" यावर विसंबतात. मुंबई विमानतळावरच्या नोकरीत मी हे वारंवार पाहिलं. युनियनच्या बाजूने तीन करारांच्या वाटाघाटींना मी बसलो. त्यात जिंकलेलं जवळपास सगळं आधीच्या तयारीमुळे मिळालं आणि गमावलेलं जवळपास सगळं न लिहिल्यामुळे गेलं. पहिल्यांदाच युनियनच्या वाटाघाटी समितीत निवडून आलेल्या टेक्निशियन, मेकॅनिक आणि इंजिनिअर मित्रांसाठी हे लिहितो आहे.

टेबलावर कोण बसणार, हे आधी पक्कं करा

कामगार कायद्यांत वाद ज्या सरकारच्या अखत्यारीत येतो त्याला 'योग्य सरकार' म्हणतात; हवाई वाहतुकीसाठी ते म्हणजे केंद्र सरकार. त्यामुळे मुंबईत काम करत असलात तरी युनियन मान्यतेचा महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा विमान कंपनीला लागू होत नाही आणि तुमचा वाद राज्याच्या कामगार आयुक्तांकडे न जाता केंद्राच्या प्रादेशिक कामगार आयुक्तांकडे जातो. पहिलं पत्रच चुकीच्या कार्यालयात देऊन महिना घालवलेल्या समित्या मी पाहिल्या आहेत. स्वतंत्र एमआरओ कंपनीत (दुसऱ्यांच्या विमानांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या कंपनीत) नोकरी असेल, तर ती 'हवाई वाहतूक सेवा' धरली जाते की नाही यावरूनच वाद उभा राहू शकतो. वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा मागे पडला. जुनी मंडळी अजून "बारा-तीनचा करार" म्हणतात, तो आकडा त्या जुन्या कायद्यातल्या कलम १२(३) चा, म्हणजे समेट अधिकाऱ्यासमोर झालेल्या कराराचा. नव्या संहितेच्या कलम १४ प्रमाणे एकाहून जास्त युनियन असतील, तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाटी करते. एवढा पाठिंबा कुणाकडेच नसेल, तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनांची मिळून वाटाघाटी परिषद बनते. म्हणजे सभासद नोंदणी हीच आता पहिली लढाई. प्रत्येक पाळीत, हँगरमधल्या प्रत्येक बेवर (विमान उभं करण्याच्या जागेवर), विमान रात्री मुक्कामाला थांबतं त्या स्टेशनवरसुद्धा जाऊन फॉर्म भरून घ्या. दिवसपाळीचे लोक भेटले म्हणजे हँगर भेटला असं होत नाही.

आणखी एक पेच पदनामाचा. टेक्निशियनला 'एक्झिक्युटिव्ह' केलं की तो कामगार राहत नाही, असं कंपनी सांगते. तसं नसतं. व्यवस्थापकीय काम करणारे आणि १८,००० रुपयांहून जास्त पगाराचे पर्यवेक्षक कामगाराच्या व्याख्येतून वगळले आहेत, पण हाताने, कौशल्याने किंवा तांत्रिक काम करणाऱ्याला पगाराची अशी मर्यादा नाही. न्यायालय पाटी पाहत नाही, प्रत्यक्ष काम पाहतं. म्हणून काय काम करता याचे पुरावे जपून ठेवा: ड्युटी रोस्टर, जॉब कार्डांचे नंबर, कामवाटपाचे आदेश.

जुना करार शेवटच्या पानापासून वाचा

बहुतेक लोक पगाराचा तक्ता पाहून करार मिटतात. महत्त्वाचं सगळं मागे असतं: मुदत किती, ती संपल्यावर काय, 'या करारात न आलेल्या बाबी' कुठल्या. मुदत संपली म्हणून करार आपोआप मरत नाही. एखाद्या पक्षाने तो संपवण्याची लेखी नोटीस दिल्यापासून साठ दिवस तो बंधनकारक राहतो. नोटीसच दिली नाही, तर जुने दर चालू राहतात आणि "तुम्ही मागणीच केली नव्हती" असं सुनावून कंपनी थकबाकीची तारीख पुढे ढकलते. मुदत संपण्याच्या आधीच नोटीस तयार ठेवा, पोचपावती घ्या, ती फाइलच्या पहिल्या पानावर लावा.

माहिती गोळा करायला तीन महिने द्या

मला विचाराल तर अख्ख्या प्रक्रियेतला हाच सर्वात मोलाचा काळ. यात तीन ढीग जमवायचे असतात.

पहिला ढीग आपल्या लोकांचा. प्रत्येक ग्रेडमधल्या आठ-दहा जणांच्या वर्षभराच्या पगारपावत्या घ्या. नावं झाका, आकडे ठेवा. मूळ पगार, महागाई भत्ता, ओव्हरटाइमचे तास, बुडालेल्या साप्ताहिक सुट्ट्या असा तक्ता करा. आमच्या दुसऱ्या कराराच्या वेळी या तक्त्यातून दिसलं की लाइन मेंटेनन्सच्या (दोन उड्डाणांमधल्या देखभालीच्या) मुलांच्या हातात येणाऱ्या रकमेत ओव्हरटाइमचा वाटा इतका मोठा होता, की रोस्टर बदललं तर घराचा हप्ता चुकेल. लोक "पगार बरा आहे" म्हणत होते, कारण झोप विकून तो बरा झालेला होता. त्या तक्त्यानंतर आमची पहिली मागणी भत्त्यावरून मूळ पगारावर आली.

दुसरा ढीग बाजाराचा. भारतातल्या वेतनवादांत 'त्याच प्रदेशातला तोच उद्योग' हा तुलनेचा जुना निकष आहे. मुंबईच्या टेक्निशियनची तुलना मुंबईतल्या दुसऱ्या विमान कंपनीच्या टेक्निशियनशी करा, आखाती देशांतल्या पगाराशी नको. तो आकडा सभेत टाळ्या मिळवतो, टेबलावर पहिल्या मिनिटात खोडला जातो. मात्र गेल्या दोन वर्षांत किती बी-वन (यांत्रिक) आणि बी-टू (इलेक्ट्रॉनिक्स) परवानाधारक इंजिनिअर नोकरी सोडून कुठे गेले, त्यांच्या टाइप रेटिंगवर (विशिष्ट प्रकारच्या विमानाच्या पात्रतेवर) कंपनीने किती खर्च केला होता आणि तो अनुभव पुन्हा तयार व्हायला किती वर्षं लागतात, ही यादी जरूर करा. व्यवस्थापनाला हा खर्च कळतो.

तिसरा ढीग कंपनीचा. वार्षिक अहवाल आणि कंपनी निबंधकाकडे भरलेली कागदपत्रं मिळतात, एखाद्या हिशेबनिसाला बसवून वाचून घ्या. नफ्याइतकंच देण्यांकडे लक्ष द्या. किंगफिशरची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेजची १७ एप्रिल २०१९ ला. दोन्ही कंपन्या मुंबईच्या, दोन्हीकडे कर्मचाऱ्यांचे पगार आधीपासून थकत होते. म्हणून पीएफ दरमहा भरला जातोय का, ग्रॅच्युइटीचा पैसा वेगळ्या निधीत आहे का, हे मागणीपत्र लिहिण्याआधी तपासा. वाढीव पगाराचा करार आणि बुडालेला पीएफ एकाच घरात आलेले लोक मला माहीत आहेत.

मागणीपत्र

साठ मागण्यांचं मागणीपत्र म्हणजे एकही मागणी नसलेलं मागणीपत्र. पंधरा-वीस पुरेत. प्रत्येकीखाली दोन ओळी: सध्या काय आहे, काय हवं, का हवं. समितीच्या स्वतःच्या वहीत मात्र त्यांचे तीन गट करा. ज्यांच्याशिवाय सही होणार नाही त्या, ज्यांत मागेपुढे होता येईल त्या, आणि ज्या देवाणघेवाणीत सोडता येतील त्या. ही वही बाहेर जाऊ देऊ नका.

हँगरच्या खास मागण्या स्पष्ट लिहा. टाइप रेटिंगनुसार परवाना भत्ता. इंधनटाकीच्या आत शिरून करायच्या कामाचा भत्ता आणि सोबत बाहेर थांबणारा माणूस. स्कायड्रॉल (विमानातलं हायड्रॉलिक तेल) डोळ्यांत किंवा कातडीवर गेलं की किती जळजळतं हे ज्याने सोसलंय त्याला सांगायला नको, तेव्हा आय-वॉश स्टेशन आणि चांगले हातमोजे ही मागणी भत्त्याच्या वर ठेवा. जुलैच्या पावसात रॅम्पवर (विमानं उभी असतात त्या उघड्या जागेवर) उभं राहायला नीट रेनकोट आणि बूट. प्रशिक्षणाच्या बदल्यात घेतल्या जाणाऱ्या सर्व्हिस बाँडची (मुदतीआधी नोकरी सोडल्यास भरायची) रक्कम दरमहा कमी होत जावी. दोन पाळ्यांमध्ये ठरावीक तासांची विश्रांती. थकलेल्या माणसाने रात्री तीनला दिलेली सही प्रवाशांच्या जिवाशी जोडलेली असते, म्हणून विश्रांतीची मागणी सवलत म्हणून मांडू नका, सुरक्षिततेची अट म्हणून मांडा.

एक कलम लोक विसरतात: कंपनी विकली किंवा विभागली गेली तर काय? २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे गेली, पण तिची देखभाल करणारी एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेस ही कंपनी सरकारकडेच राहिली. नागपूरच्या मिहानमधलं केंद्रही तिचंच. विमानाचा मालक एक आणि त्याला हात लावणाऱ्याचा मालक दुसरा, अशी वेळ उद्या कुणावरही येऊ शकते. हा करार नव्या मालकावरही बंधनकारक राहील, हे वाक्य आजच घाला.

पहिली बैठक

समिती पाच ते सात जणांची असावी. लाइन, बेस (हँगरमधली मोठी देखभाल), शॉप (सुट्या भागांची दुरुस्ती) आणि स्टोअर्स या सगळ्यांचा माणूस हवा, आणि निदान एक तरी तरुण हवा, कारण कराराची वर्षं त्यालाच भोगायची आहेत. एकाने बोलायचं, एकाने लिहायचं, एकाने फक्त समोरच्यांचे चेहरे पाहायचे. मतभेद झाला तर टेबलावर वाद घालू नका. "दहा मिनिटं द्या" म्हणून बाहेर जा.

पहिल्या बैठकीत पगार काढूच नका. आधी कामकाजाचे नियम ठरवा: बैठका किती दिवसांनी, समितीला ड्युटीतून सूट कशी, मिनिट्स (बैठकीचं इतिवृत्त) कोण लिहिणार, सह्या कधी. मिनिट्स त्याच दिवशी, उठण्यापूर्वी सही करून घ्या. "उद्या मेल करतो" म्हटलेल्या मिनिट्समध्ये 'मान्य' चं 'विचार करू' झालेलं मी वाचलं आहे. शिवाय हे लिहून घ्या, की सगळं ठरेपर्यंत काहीच ठरलेलं नाही. म्हणजे रजेचं कलम आज मान्य झालं तरी ते सुटं लागू होत नाही आणि पुढे पगारात ते वजन म्हणून वापरता येतं.

क्रम माझ्या मते असा: आधी बिनपैशाची कलमं, मग भत्ते, शेवटी मूळ पगार. काही नेते उलटं करतात, थेट मोठा आकडा फोडतात. पण पैसा ठरला की समोरच्यांना बाकीच्या कलमांत रस उरत नाही, आपल्या लोकांनाही नाही. मग विश्रांती, बाँड, बदलीचे नियम तसेच राहून जातात.

टक्केवारीचा हिशेब

"वीस टक्के वाढ" हे शब्द ऐकून हँगरमध्ये पेढे वाटले गेलेत. म्हणून हे गणित सावकाश करा.

समजा एकूण पगार ४०,००० रुपये आणि करार चार वर्षांचा. वीस टक्के म्हणजे ८,००० रुपये. ते पहिल्या दिवसापासून मिळाले, तर ४८ महिन्यांत ३,८४,००० रुपये होतात. तेच दर वर्षी २,००० असे चार हप्त्यांत मिळाले, तर चार वर्षांची बेरीज २,४०,०००. टक्केवारी तीच, फरक १,४४,००० रुपयांचा. आता महागाई दर वर्षी ५ टक्के धरा. आजच्या ४०,००० ची जागा घ्यायला चार वर्षांनी सुमारे ४८,६२० रुपये लागतील. वाढलेला पगार ४८,०००. म्हणजे वीस टक्के वाढ घेऊनही माणूस होता त्यापेक्षा थोडा मागेच राहिला.

दुसरा प्रश्न, वाढ कशावर? मूळ पगारात टाकलेले १०० रुपये कंपनीला १०० मध्ये पडत नाहीत. पीएफ पूर्ण मूळ पगारावर भरला जात असेल, तर त्याचे १२ आणि ग्रॅच्युइटीचे साधारण ४.८१ धरून ते ११६ रुपये ८१ पैशांच्या आसपास जातात, आणि ओव्हरटाइमचा दरही वाढतो. म्हणूनच समोरून 'विशेष भत्ता' नावाची पेटी पुढे येते. नव्या वेतन संहितेत वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. आपल्या प्रत्येक ग्रेडची पगारपावती या नियमात घालून पाहा. ज्या ग्रेडमध्ये भत्ते फुगलेले आहेत, तिथे बोलायला जागा आहे.

थकबाकीची तारीखही पैसाच आहे. जुना करार संपून दीड वर्ष झालं असेल आणि वाढ फक्त २,००० ची असेल, तरी १८ महिन्यांचे ३६,००० होतात. 'सहीच्या तारखेपासून लागू' या तीन शब्दांत ते जातात.

एका शब्दाची किंमत

हा आमचाच अनुभव. पहिल्या करारात आम्ही चांगला रात्रपाळी भत्ता मिळवला. कलमात लिहिलं होतं, 'प्रत्येक रात्रपाळीसाठी'. वर्षभरात रोस्टर बदललं. रात्री दहा ते सहाच्या पाळीतली कितीतरी माणसं संध्याकाळी पाच ते दीडच्या पाळीत टाकली आणि तिला 'सायंपाळी' नाव दिलं. काम तेच, झोप तितकीच मोडलेली, घरी जायला लोकल बंद झालेली, पण भत्ता गेला. सूचनाफलकावर बदलाची नोटीस लागली होती. पाळ्यांत असा बदल करण्यापूर्वी कंपनीला २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि हरकत घेण्याची खरी वेळ तीच असते. आम्ही त्या नोटिशीखालून रोज ये-जा केली आणि एकानेही ती वाचून पत्र लिहिलं नाही.

पुढच्या करारात वाक्य असं होतं: 'रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तीन तास किंवा अधिक काम पडल्यास, पाळीचे नाव काहीही असले तरी, पूर्ण भत्ता मिळेल.' तेव्हापासून मी प्रत्येक कलमाला पाच प्रश्न विचारतो. कुणाला? केव्हापासून? कशावर मोजून? कोण ठरवणार? आणि नाव बदललं तर काय? 'शक्यतो', 'कंपनीच्या धोरणानुसार', 'सर्व भत्ते समाविष्ट' हे शब्द दिसले की पेन खाली ठेवा.

बोलणी अडली तर

आधी समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे वाद मिटवायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जा. यात कमीपणा नाही, उलट फायदा आहे. दोन पक्षांनी आपसात केलेला करार त्या पक्षांनाच बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार सभासद नसलेल्यांना आणि नंतर नोकरीला लागणाऱ्यांनाही बांधतो. जुन्यांना बारा-तीनचं महत्त्व होतं ते यामुळे. कारवाई चालू असताना वादातल्या सेवाशर्ती कंपनीला आपल्या मर्जीने बदलता येत नाहीत. अधिकाऱ्याने ४५ दिवसांत काम संपवायचं असतं, संपाची नोटीस असेल तर १४ दिवसांत. तोडगा निघाला नाही तर त्याच्या अहवालापासून ९० दिवसांत कुठलाही पक्ष थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. पूर्वी सरकारने वाद पाठवायची वाट पाहावी लागे.

संपाबद्दल स्पष्ट बोलतो. औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ६२ प्रमाणे नोटीस हवी, नोटिशीनंतर १४ दिवस थांबायला हवं, आणि समेटाची कारवाई चालू असताना व ती संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. नोटीस मिळाल्यावर अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली की कारवाई सुरू झाली असं धरलं जातं. म्हणजे कायदेशीर संपाची खिडकी फार अरुंद आहे. जुलै २०२२ मध्ये इंडिगोच्या काही टेक्निशियननी कमी पगाराच्या नाराजीतून एकत्र आजारपणाच्या रजा टाकल्या होत्या. आता निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजा हा संपच धरला जातो. बेकायदा संपाला दंड आणि महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि शिस्तभंगाची कारवाई वेगळीच. व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री अकराला 'उद्या सगळे सिक' असा मेसेज फिरला तर समितीने लगेच, लेखी, थांबवायला हवं.

ताकदीचा अंदाज भावनेवर घेऊ नका. अमेरिकेत नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे सुमारे ४,४०० मेकॅनिक आणि सफाई कर्मचारी २० ऑगस्ट २००५ ला संपावर गेले. कंपनीने बदली माणसं आधीच तयार ठेवली होती, वैमानिक आणि केबिन क्रू कामावर येत राहिले, विमानं उडत राहिली. बहुतेकांची नोकरी परत आली नाही. आपलं किती काम बाहेर दिलं जाऊ शकतं, बाकीच्या युनियन काय करतील, घरात किती महिन्यांचा किराणा आहे, ही उत्तरं कागदावर येईपर्यंत नोटीस देऊ नका.

आणि काहीही झालं तरी विमान हे हत्यार नाही. खोटा स्नॅग (बिघाडाची नोंद) टाकायचा नाही, खरा दाबायचा नाही. एकदा कुणी मागणीसाठी टेक लॉग (विमानाची तांत्रिक नोंदवही) वापरला की आपली प्रत्येक सही संशयात जाते, आणि त्या सहीच्या भरवशावर लोक मुलाबाळांना घेऊन बसलेले असतात. दंडाला काळी फीत, गेटवर सभा, जेवणावर बहिष्कार हे मार्ग आहेत. हँगरच्या आत काम मॅन्युअलप्रमाणे, रोजच्यासारखंच.

सही करण्यापूर्वी, आणि नंतर

मसुदा सभासदांसमोर मराठी-हिंदीत वाचून दाखवा. सगळ्या पाळ्यांना सापडेल अशा वेळी, लागल्या तर तीन सभा घ्या. मग गुप्त मतदान. कॅनडात वेस्टजेटच्या सुमारे ६८० मेकॅनिक मंडळींच्या युनियनने २०२४ मध्ये कंपनीशी प्राथमिक करार केला, तो सभासदांनी ९७.५ टक्के मतांनी फेटाळला. नंतर २८ जूनला संप झाला, शेकडो उड्डाणं रद्द झाली आणि ३० जूनला वाढीव करार झाला. समितीला जे पुरेसं वाटतं ते हँगरला वाटेलच असं नाही, आणि ते सहीच्या आधी कळलेलं बरं. काही लोक "माझं एक कलम राहिलं" म्हणून कोर्टात जायचं म्हणतील. त्यांना समजावून सांगा, की मुंबईच्याच हर्बर्टसन्स कंपनीच्या खटल्यात १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करार तुकड्यातुकड्याने न पाहता एकत्रित पाहायचा असतो असं सांगितलं आहे. म्हणून जे राहिलंय त्याची तक्रार मतदानाच्या आधी झाली पाहिजे.

सह्या प्रत्येक पानावर, तक्त्यांवरही. प्रती कामगार कार्यालयात जमा करून पोच घ्या. विसंगती सोडवायला दोन्ही बाजूंची समिती आणि तिला ठरावीक मुदत करारातच असू द्या, कारण ग्रेडच्या सीमेवर कनिष्ठाचा पगार ज्येष्ठापेक्षा जास्त निघतो असं दर वेळी घडतं.

मग पहिल्या वाढीव पगाराच्या दिवशी कँटीनमध्ये एक टेबल लावा. कॅलक्युलेटर, कराराचा तक्ता, कोरी वही. प्रत्येकाने पावती घेऊन यायचं: नवा मूळ पगार, भत्ता, पीएफ, थकबाकी, चार आकडे जुळवायचे. आमच्या शेवटच्या कराराच्या वेळी त्या टेबलावर दोन दिवसांत एकतीस चुका सापडल्या. बहुतेक थकबाकीच्या महिन्यांच्या मोजणीत होत्या. स्टोअर्समधल्या एका ज्येष्ठाचे पाच महिने गाळले गेले होते. यादी करून एच.आर.ला दिली, पोच घेतली, आणि पुढच्या पगारात सगळ्यांचे पैसे आले. ती वही नव्या समितीच्या कपाटात आहे.